इटलीतल्या गॅलरीची बेल दाबताना: समकालीन कला पहिल्यांदाच पाहणाऱ्यांसाठी

मिलानमधल्या पहिल्या वर्षी मी एका गॅलरीच्या दारातून दोनदा परत फिरले. पत्ता बरोबर होता. उंच लाकडी दार, बाजूला पितळी पट्टी आणि पट्टीवर वीसेक नावं. कुणी वकील, कुणी दंतवैद्य, बाकी नुसती आडनावं, आणि त्यांच्यातच बारीक अक्षरांत गॅलरीचं नाव. बाहेर पोस्टर नाही, काचेतून काही दिसत नाही. मला वाटलं प्रदर्शन संपलं असणार. तिसऱ्यांदा गेले तेव्हा माझ्या पुढे एक आजी भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पट्टीवरचं बटण दाबलं, दार टक्‌ आवाज करून सुटलं आणि त्या माझ्यासाठी दार धरून थांबल्या. आत अंगण, अंगणात सायकली, दगडी जिना, आणि पहिल्या मजल्यावर पांढऱ्या भिंतींच्या चार खोल्या. तिकीट नव्हतं. नावही कुणी विचारलं नाही. आजींनी पिशवी टेबलापाशी ठेवली आणि चित्रं बघायला लागल्या.

आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला, शिकायला आलेल्या भाचरांपासून पंधरा दिवसांच्या सहलीवर आलेल्या काका-काकूंपर्यंत, मी हेच आधी सांगते: बेल दाबायची. मुंबईत जहांगीरला आपण काळा घोड्याच्या फुटपाथवरून सरळ आत शिरतो, त्यामुळे बंद दार म्हणजे बंद गॅलरी असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इटलीत तसं नाही. उफीझी, व्हॅटिकन, कलोसियम यांच्या रांगांमध्ये सुट्टी संपते आणि आज काम करणारे कलावंत दोन गल्ल्या सोडून, फुकट बघायला मिळत असताना, राहून जातात. ते राहू नये म्हणून हा लेख. कलेचं शिक्षण लागत नाही, इटालियन दहा-बारा शब्दांपुरती आली तरी भागतं.

पायरी १: दार कुणाचं आहे ते ओळखा

इटालियनमध्ये 'गाल्लेरिया' म्हणताना दोन अगदी वेगळ्या जागा एकाच शब्दात येतात आणि पहिला गोंधळ इथेच होतो. रोममध्ये बोर्गेझे बागेजवळची 'गाल्लेरिया नात्सिओनाले' हे सरकारी संग्रहालय आहे. तिथे तिकीट, सामान ठेवायची खोली, सुरक्षारक्षक, सगळं आलं. मिलानच्या एखाद्या निवासी रस्त्यावरची 'गाल्लेरिया' म्हणजे कलावंतांचं काम दाखवणारी आणि विकणारी खासगी जागा. तिथे प्रवेश मोफत, आणि काही विकत घ्यायला हवं अशी कुणाची अपेक्षाही नसते.

तिसरा प्रकार 'फोंदात्सिओने' म्हणजे प्रतिष्ठान. एखादं उद्योगघराणं, एखादी कंपनी किंवा कलावंताचे वारस ते चालवतात. मिलानमधलं प्रादा, तोरिनोमधलं (म्हणजे ट्यूरिन) सांद्रेत्तो रे रेबाउदेंगो, तिथलंच मारियो मेर्त्झ या कलावंताच्या नावाचं. यांच्या इमारती भव्य असतात, काही ठिकाणी तिकीट असतं, काही ठिकाणी नसतं. चौथा प्रकार छोट्या स्वतंत्र जागांचा: कलावंतांनी मिळून भाड्याने घेतलेलं गॅरेज, जुनं दुकान, कधी राहतं घर. त्यांच्या वेळा अनिश्चित, पण तिथे कलावंत स्वतः भेटण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

खासगी गॅलरीवर माझा एवढा भर का, याला कारण आहे. इटलीत समकालीन कलेसाठी वाहिलेलं पहिलं संग्रहालय उघडलं ते थेट १९८४ साली, तोरिनोजवळच्या रिवोलीच्या किल्ल्यात. रोममधलं 'माक्सी' तर २०१० चं. त्याआधी जे घडलं त्यातलं बरंच खासगी गॅलऱ्यांमध्ये घडलं. जेर्मानो चेलांत या समीक्षकाने १९६७ मध्ये 'आर्ते पोवेरा', म्हणजे शब्दशः गरीब कला, हे नाव दिलं ते जेनोवातल्या 'ला बेर्तेस्का' या गॅलरीतल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने. जानेवारी १९६९ मध्ये यान्निस कुनेल्लिस या कलावंताने रोमच्या 'लात्तिको' गॅलरीत बारा जिवंत घोडे बांधून ठेवले. गॅलरीची ती जागा मुळात गॅरेज होती. भिंतीला बांधलेले घोडे, त्यांचा वास, टापांचा आवाज, हेच प्रदर्शन. आज हा प्रसंग कलेतिहासाच्या पुस्तकांमध्ये आहे, तेव्हा तो एका गॅरेजच्या दारामागे होता.

पायरी २: वार आणि महिना आधी ठरवा

इथे चूक झाली तर सगळा दिवस वाया जातो, म्हणून जरा बारकाईने सांगते.

खासगी गॅलऱ्या साधारण मंगळवार ते शनिवार उघड्या असतात. सकाळी अकराच्या सुमाराला उघडतात आणि संध्याकाळी सातला बंद होतात. बऱ्याच ठिकाणी दुपारी एक ते दोन-तीनपर्यंत जेवणाची सुट्टी असते आणि ती पाळली जाते, पुणेकरांना हे समजावून सांगायला नको. रविवार-सोमवार बंद. सार्वजनिक संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद, पण मिलानचं प्रादा मंगळवारी बंद, नेपल्सचं 'मादरे' संग्रहालयही मंगळवारीच. मिलानमधलं पिरेल्ली हँगारबिकोका हे प्रदर्शनस्थळ फक्त गुरुवार ते रविवार उघडं असतं. हे सगळं एकावर एक ठेवलं की मिलानसाठी उरतात गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार. मिलानला तीन दिवस देणार असाल तर तेच द्या, विमानाचं तिकीट काढण्याआधीच ठरवा.

ऑगस्टमध्ये खासगी गॅलऱ्यांसाठी येऊ नका. महिनाभर शटर खाली असतात, दारावर 'क्यूझो पेर फेरिए', सुट्टीसाठी बंद, अशी चिठ्ठी असते. सप्टेंबरच्या मध्यापासून नवी प्रदर्शनं लागतात. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी 'जोर्नाता देल कोन्तेम्पोरानेओ' असतो, समकालीन कलेचा दिवस. २००५ पासून तो चालू आहे आणि त्या दिवशी देशभरातल्या शेकडो जागा मोफत उघड्या असतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तोरिनोत 'आर्तिस्सिमा' हा कलामेळा भरतो, एप्रिलमध्ये मिलानला 'मिआर्त', आणि जानेवारीच्या शेवटाला किंवा फेब्रुवारीत बोलोन्याला 'आर्ते फिएरा', जो १९७४ पासून भरतो. मेळा म्हणजे प्रचंड हॉलमध्ये शेकडो गॅलऱ्यांचे गाळे. नवख्याने मेळ्याच्या आत फार वेळ घालवू नये असं माझं मत. डोळे थकतात, लक्षात काही राहत नाही. मेळ्याच्या आठवड्यात शहरातल्या गॅलऱ्या उशिरापर्यंत उघड्या असतात आणि आपली सगळ्यात चांगली प्रदर्शनं लावून ठेवतात, त्या बघायच्या.

पायरी ३: प्रदर्शनाची माहिती वाचायला शिका

'आर्त्रिब्यूने' आणि 'एक्झिबार्त' या दोन इटालियन नियतकालिकांच्या संकेतस्थळांवर शहरानुसार चालू प्रदर्शनं सापडतात. मजकूर इटालियनमध्ये असतो, पण कामाचे शब्द मोजके. 'मोस्त्रा' म्हणजे प्रदर्शन. 'मोस्त्रा पेर्सोनाले' एकाच कलावंताचं, 'कोल्लेत्तिवा' अनेकांचं. 'आ कूरा दी' नंतर येतं ते क्युरेटरचं, म्हणजे कामं निवडून प्रदर्शन मांडणाऱ्याचं, नाव. 'फीनो आल' पुढची तारीख शेवटच्या दिवसाची. 'इन्ग्रेस्सो लीबेरो' म्हणजे प्रवेश मोफत, 'रिदोत्तो' म्हणजे सवलतीचं तिकीट. विद्यार्थी असाल तर ओळखपत्र जवळ ठेवा, सवलत बऱ्याचदा मिळते. आणि 'सू आप्पुन्तामेन्तो' दिसलं तर थांबा: वेळ ठरवल्याशिवाय तिथे जाता येत नाही. हे वाचून लोक नाद सोडतात, तसं करू नका. दोन ओळींची इंग्रजी ईमेल पाठवा, अमुक दिवशी चार वाजता येऊ का म्हणून. माझ्या अशा ईमेलना जवळजवळ नेहमीच उत्तर आलं आहे.

पायरी ४: बेल

गाडी इथेच अडते. दारापाशी 'चितोफोनो' असतो, आपल्या बिल्डिंगखालच्या इंटरकॉमसारखा. गॅलरीचं नाव शोधा आणि बटण दाबा. पलीकडून 'सी?' किंवा 'प्रोन्तो?' असं येईल. 'बुऑनजोर्नो, पेर ला मोस्त्रा' एवढं म्हणा, म्हणजे नमस्कार, प्रदर्शनासाठी. बऱ्याचदा पलीकडून काही न बोलता नुसतं दार सोडतात. दार जड असतं, आवाज ऐकू आला की लगेच ढकला, नाहीतर परत बंद होतं. आत गेल्यावर जिन्याजवळ बाण किंवा छोटी पाटी असते. मजल्यांचा हिशोब आपल्यासारखाच: 'पियानो तेर्रा' तळमजला, 'प्रीमो पियानो' पहिला.

आत शिरताना टेबलामागे बसलेल्या माणसाला 'बुऑनजोर्नो' म्हणणं ही इथली रीत आहे. दुकान असो, दवाखाना असो, लिफ्ट असो, इटलीत न बोलता आत जाणं उद्धटपणाचं वाटतं. आपल्याकडचे लोक संकोचून मान खाली घालून आत जातात, आणि मग टेबलामागचा माणूसही मान वर करत नाही. तेव्हा आधी नमस्कार, आणि निघताना 'ग्रात्सिए, आर्रिवेदेर्ची'.

कपड्यांची काळजी करू नका. पाठीवरची मोठी सॅक मात्र काढून हातात घ्या किंवा टेबलापाशी ठेवा. छोट्या खोलीत वळताना ती भिंतीवरच्या कामाला लागते. मोठ्या संग्रहालयात 'ग्वार्दारोबा' म्हणजे सामान ठेवायची जागा असते, लॉकरला बऱ्याचदा नाणं लागतं.

पायरी ५: आधी बघा, मग वाचा

टेबलावर किंवा दाराशी कागदांचा गठ्ठा असतो, 'फोल्यो दि साला'. एक-दोन पानांची ही पत्रिका मोफत असते, बहुतेक वेळा इंग्रजीतही. त्यात कलावंताची ओळख, खोल्यांचा नकाशा आणि कामांची यादी. खासगी गॅलरीत बऱ्याचदा भिंतीवर नावाच्या पट्ट्या लावलेल्याच नसतात, नकाशावरचे आकडे बघून काम ओळखावं लागतं. पत्रिका घ्या, घडी करा, खिशात ठेवा. पहिली फेरी तिच्याशिवाय मारा.

कारण हा मजकूर जड असतो. क्युरेटरची इटालियन लांबलचक, तिचं इंग्रजी भाषांतर आणखी लांब. आधी तो वाचला तर कामात आपण फक्त वाचलेलं शोधत बसतो. पहिल्या फेरीत सगळ्या खोल्यांमधून सावकाश चाला, कुठेही फार थांबू नका. ज्या कामापाशी पाय आपोआप थबकतील किंवा ज्याचा राग येईल, ते लक्षात ठेवा. दुसऱ्या फेरीत त्या एकाच कामापुढे पाच मिनिटं उभे राहा, घड्याळ लावून. मग पत्रिका उघडा.

काय बघायचं, असं विचाराल तर सुरुवात वस्तूपासून करा. हे कशाचं आहे? आर्ते पोवेराच्या कलावंतांनी कोळसा, चिंध्या, मेण, झाडाचं खोड, वर्तमानपत्र असल्या गोष्टी गॅलरीत आणल्या आणि आजही इटलीतल्या अनेक प्रदर्शनांत हा धागा दिसतो. 'हे काय दाखवलंय' यापेक्षा 'हे कशाचं बनलंय, किती जड आहे, कसं उभं आहे' हे प्रश्न तिथे जास्त कामाला येतात.

एक उदाहरण जवळून देते. मिलानच्या कॅथीड्रलच्या चौकातच 'म्युझेओ देल नोवेचेन्तो', विसाव्या शतकातल्या कलेचं संग्रहालय, आहे; नाव विचारा, कुणीही दाखवेल. तिथे लुचो फोंतानाचे कापलेले कॅनव्हास आहेत. एकरंगी कॅनव्हास आणि त्याला उभी चीर. छायाचित्रात बघून आमच्या काकांनी विचारलं होतं, 'ब्लेड मारलं, यात काय?' प्रत्यक्षात त्यांना बाजूने उभं केलं. तिरकस बघितलं की चिरेच्या कडा आत वळलेल्या दिसतात, ओल्या मातीला बोटाने सारल्यासारख्या. आतला काळोख खोल वाटतो, कारण फोंताना कॅनव्हासच्या मागच्या बाजूने काळी जाळीदार पट्टी लावत असे, नाहीतर मागची भिंत दिसली असती. म्हणजे हा काळोख रचलेला आहे. १९५८ पासून त्याने हे काप घेतले. एकच काप असेल तर नावात 'आत्तेसा', जास्त असतील तर 'आत्तेसे', म्हणजे प्रतीक्षा. काका त्या एका चित्रापाशी दहा मिनिटं थांबले आणि शेवटी म्हणाले, 'हात थरथरला असता तर कळलं असतं.' पत्रिकेत हे कुठेही छापलेलं नव्हतं. त्याच इमारतीत सगळ्यात वर फोंतानाची निऑन नळीची प्रचंड गुंतवळ छताला टांगली आहे, १९५१ साली मिलानच्या 'त्रिएनाले' या मोठ्या प्रदर्शनासाठी केलेली. अंधार पडल्यावर ती खालच्या चौकातूनही दिसते.

भिंतीवर किंवा यादीत 'सेन्त्सा तीतोलो' दिसलं तर दचकू नका, 'शीर्षक नाही' एवढाच अर्थ. 'तेक्निका मिस्ता' म्हणजे मिश्र माध्यम, 'ओलिओ सू तेला' म्हणजे कॅनव्हासवर तैलरंग.

पायरी ६: विचारा

खासगी गॅलरीत टेबलामागे बसलेली मुलगी किंवा मुलगा बहुतेक वेळा कला शिकलेला असतो आणि दिवसभर कंटाळलेला असतो. 'हे कसं केलंय?' हा प्रश्न विचारला की ते उठून तुमच्याबरोबर खोलीत येतात. इंग्रजी चालतं. फोटो काढायचा असेल तर 'पोस्सो फारे ऊना फोतो?' असं विचारा. सहसा हो म्हणतात, फ्लॅश मात्र बंद. हात लावू नका, 'नोन तोक्कारे' लिहिलेलं नसलं तरी. जमिनीवर पडलेली दोरी, वाळू, दगड हेही काम असू शकतं, तेव्हा लहान मुलांचा हात धरा.

किंमत विचारायला लाजू नका. यादी बऱ्याचदा टेबलाच्या खणात असते आणि मागितली की दाखवतात. मी कधीच काही विकत घेतलेलं नाही, तरी विचारते, कारण किंमत कळली की त्या कलावंताचं आज कुठे काय चाललंय याचा अंदाज येतो. कुणी त्यावरून तोंड वाकडं केलेलं मला आठवत नाही.

प्रदर्शनाच्या पहिल्या संध्याकाळला 'इनाउगुरात्सिओने' म्हणतात, नुसतं 'ओपनिंग'ही म्हणतात. सहा-साडेसहाला सुरू होतं. आमंत्रण लागत नाही, वाइन किंवा पाणी मिळतं, कलावंत हजर असतो. गर्दीत कामं नीट दिसत नाहीत, म्हणून कलावंताला भेटायला त्या संध्याकाळी जा आणि कामं बघायला नंतर एखाद्या बुधवारी दुपारी परत जा. टेबलावरच्या वहीत ईमेल लिहून ठेवलंत तर पुढची आमंत्रणं येत राहतात. मिलानमध्ये वर्षभर शिकायला आलेल्या मुलांना तर हे मी आग्रहाने सांगते. पैसे न खर्चता संध्याकाळ छान जाते आणि ओळखी होतात.

मिलानचा एक गुरुवार

सकाळी मेट्रोच्या पिवळ्या एम३ मार्गाने लोदी तिब स्टेशनला उतरा. दहाएक मिनिटं चाललं की प्रादा प्रतिष्ठान. १९१० च्या दशकातली ही दारू गाळायची भट्टी, वास्तुकार रेम कूलहास यांच्या कार्यालयाने तिचं रूपांतर केलं आणि २०१५ मध्ये ती उघडली. जुन्या इमारतींपैकी एक बाहेरून संपूर्ण सोन्याच्या वर्खाने मढवली आहे. ढगाळ दिवशीही समोरच्या भिंतीवर तिचा पिवळा उजेड पडतो. २०१८ मध्ये उघडलेला साठ मीटरचा पांढरा मनोरा चढा. त्यात कार्स्टन होलरची खोली आहे, जिथे अवाढव्य लाल अळंबी छतातून उलटी लटकून फिरत असतात. भाचरं तिथून हलत नाहीत. तिकीट आदल्या दिवशी ऑनलाइन काढा.

दुपारी एक खासगी गॅलरी. माझी पसंती वियाले लोम्बार्दियावरची मास्सिमो दे कार्लो. १९३० च्या दशकात पिएरो पोर्तालुप्पी या वास्तुकाराने बांधलेलं हे घर. खोल्याखोल्यांतून रंगीत संगमरवराची जमीन आणि चौकटी आहेत, आणि त्यांच्यामध्ये आजची कामं मांडलेली. बेल दाबायचा सराव इथे करा.

संध्याकाळ हँगारबिकोकाला ठेवा. रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं, प्रवेश मोफत आहे. जांभळ्या एम५ मार्गावर पोनाले स्टेशन, तिथून पायी. एके काळी इथे रेल्वेची इंजिनं बनत. बाहेरून शेड दिसते. आतल्या तात्पुरत्या प्रदर्शनातून पुढे गेलं की अंधारात अन्सेल्म किफर या जर्मन कलावंताचे सात मनोरे उभे आहेत, २००४ पासून. नाव 'सात स्वर्गीय प्रासाद'. प्रत्येकाचं वजन सुमारे ९० टन, उंची चौदा ते अठरा मीटर. ते काँक्रीटचे आहेत आणि काँक्रीट ओतायला मालवाहू कंटेनरच्या कोनांचे साचे वापरले, म्हणून भिंतींवर पत्र्याच्या वळ्या उमटल्या आहेत. जवळ गेलात तर दोन मजल्यांच्या सांध्यात शिशाची पुस्तकं आणि पाचरी घातलेल्या दिसतील. अख्खा मनोरा पुस्तकांवर टेकल्यासारखा. मजले एकमेकांवर सरळ बसत नाहीत, कलतात, खाली तुटक्या काँक्रीटचे तुकडे आणि काचा पडलेल्या. मी दर हिवाळ्यात एकदा तिथे जाते. मधल्या वाटेवर उभं राहून वर बघा, बोलू नका, आपल्या पावलांचा आवाज किती वेळ घुमतो ते ऐका.

एवढंच. गुरुवारी तीन ठिकाणं पुरे झाली. चौथं ठिकाण जोडलंत तर त्यातलं एकही लक्षात राहणार नाही.

मिलानच्या बाहेर

तोरिनो रेल्वेने साधारण तासाभरावर. तिथून रिवोलीला मेट्रोने फेर्मी स्टेशनपर्यंत आणि पुढे बसने जायचं. किल्ल्याच्या एका चितारलेल्या छताखाली मावरित्सिओ कात्तेलानचा पेंढा भरलेला घोडा चामड्याच्या पट्ट्यावर लटकतो, मान खाली पडलेली, पाय खरे असतील त्यापेक्षा लांब ओढलेले. १९९७ च्या या कामाचं नाव 'नोवेचेन्तो', विसावं शतक. याच संग्रहालयात २०१८ मध्ये मुंबईच्या नलिनी मलानी यांचं १९६९ पासूनच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. तोरिनोत रात्र काढलीत तर हिवाळ्यात मोले आंतोनेल्लियाना या शहरातल्या उंच इमारतीच्या घुमटाकडे बघा. लाल निऑनचे आकडे वर चढत जातात, १, १, २, ३, ५, ८. ते मारियो मेर्त्झचं काम आहे.

व्हेनिसच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं. १८९५ पासून चालू, सध्या सम वर्षी कलेचं आणि विषम वर्षी वास्तुकलेचं. सोमवारी बहुतेक बंद. मुख्य दोन जागा, जार्दीनी (बाग) आणि आर्सेनाले (जुनी जहाजगोदी), एकाच तिकिटात येतात. त्या दोन वेगवेगळ्या दिवशी बघता येतात आणि तशाच बघाव्यात. आर्सेनालेतली दोरखंड वळायची जुनी इमारत तीनशे मीटरहून लांब आहे, एका दमात दोन्ही करणाऱ्यांचे पाय संध्याकाळी बोलतात. ज्यांचा बजेट कमी आहे त्यांनी तिकिटाशिवायही एक दिवस काढावा. अनेक देशांची दालनं शहरभरच्या जुन्या वाड्यांमध्ये असतात, बहुतेक मोफत, आणि वाडे आतून बघायला मिळतात ते वेगळंच. भारताचं तिथे कायमचं दालन नाही. २०१९ चं दालन आर्सेनालेत होतं आणि त्यात मुंबईचे अतुल दोडिया, जितिश कल्लाट, शकुंतला कुलकर्णी होते. २०११ च्या दालनाचे क्युरेटर मुंबईचेच रणजित होस्कोटे. २०२४ च्या मुख्य प्रदर्शनात जुन्या चित्रकारांची जी भिंत होती, तिथे गोव्याचे सूझा आणि नागपूरकडच्या बी. प्रभा यांची चित्रं होती. तेव्हा यादी वाचताना ओळखीची नावं शोधा, सापडतात.

फ्लोरेन्सला जाणाऱ्यांनी सान जिमिन्यानो चुकवू नये. मनोऱ्यांच्या या मध्ययुगीन गावात १९९० मध्ये तिघा मित्रांनी 'गाल्लेरिया कोन्तिनुआ' सुरू केली, आणि आज ती जुन्या सिनेमाघरात चालते. शिल्पा गुप्ता, सुबोध गुप्ता, अनीश कपूर यांची कामं ही गॅलरी दाखवत आली आहे. पोज्जिबोन्सीपर्यंत रेल्वे, पुढे बस.

नेपल्समध्ये मेट्रोचं तिकीट हेच प्रदर्शनाचं तिकीट. एक क्रमांकाच्या मार्गावर तोलेदो स्टेशनला सरकत्या जिन्याने खाली जाताना भिंती निळ्या मोझेइकच्या होत जातात. दांते स्टेशनात कुनेल्लिस आणि पिस्तोलेत्तो यांची कामं आहेत, लोक त्यांच्यासमोरून कामावर जातात.

सिसिलीतलं जिबेल्लीना गॅलरी नाही, तरी सांगते. १९६८ च्या भूकंपात जुनं गाव संपलं, नवं दुसरीकडे वसवलं. अल्बेर्तो बुर्री या कलावंताने १९८० च्या दशकात जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावरच पांढरं काँक्रीट ओतलं आणि गल्ल्यांच्या जागी चालायच्या वाटा ठेवल्या, दोन्ही बाजूंना साधारण खांद्यापर्यंत भिंती. काम अर्धवट राहिलं होतं, ते २०१५ मध्ये पूर्ण झालं. तुम्ही चालता त्या खरोखरच्या गल्ल्या होत्या आणि हाताखालच्या काँक्रीटमध्ये लोकांची घरं आहेत. माझी मैत्रीण लातूरकडची, किल्लारीचा भूकंप लहानपणी पाहिलेली. ती अर्धा तास एकटीच चालत राहिली, आम्ही कुणी हाक मारली नाही. २०२६ साठी जिबेल्लीनाला इटलीची पहिली समकालीन कला-राजधानी म्हणून निवडलं गेलं. गाडी भाड्याने घ्या, पाण्याची बाटली आणि टोपी घ्या, सावली कुठेही नाही.

शेवटची पायरी: कागद जपून ठेवा

गॅलरीतून बाहेर पडलात की जवळच्या कॉफीच्या दुकानात उभ्या उभ्या एक कॉफी घ्या आणि पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहा. तारीख, शहर, कुठल्या कामापाशी थांबलात आणि काय दिसलं. मराठीत लिहा, जसं घरी सांगाल तसं. फोनमधले फोटो हजारात हरवतात. माझ्या कपाटात अशा कागदांच्या तीन फायली आहेत. सगळ्यात खालचा कागद त्या आजींनी दार धरलेल्या गॅलरीतला. मागे तारीख आहे आणि घाईत लिहिलेलं, 'डावीकडून तिसरी बेल, पहिला मजला'.